नाचणीची मुळं आणि माझा टूथब्रश

चाळणीतून पाणी निघून जातं आणि गाळ उरतो, तसे आमच्या रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत किस्से उरतात. मी नववीतच शाळा सोडलेली. काम नाचणीची मुळं धुण्याचं. बोलायला लाजायचो, त्यामुळे ऐकलेलं सगळं लक्षात राहिलं!

कोकण रेल्वे तेव्हा नवीकोरी होती. आमच्या मॅडम नाचणीच्या मुळांत राहणारा एक परजीवी शोधत होत्या. तो मातीतून मुळाच्या पेशीत शिरतो आणि सोबत विषाणू घेऊन येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत त्याच्या बीजाणूंचे घोस दिसले, की सापडला! पण दोन हंगाम गेले, काहीच नाही. यंदाही नाही मिळाला तर काम बंद, असं वरून कळलं होतं.

*

सावर्ड्याहून एक काका खुरटलेली रोपं घेऊन आले. मुळांना मातीचा कण नाही!

"काका, माती हवी होती हो!" मॅडम म्हणाल्या.

"तुमची फरशी घाण झाली असती ना! वाटेत वहाळावर खळखळून आणली."

*

एकदा मोठ्या सरांना, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, घोस दिसला! सगळे धावले. पेढे आणायला माणूस निघालासुद्धा. आमचे शिपाई हसनमामू, अर्धं आयुष्य जहाजावर काढलेले, सर्वांत शेवटी वाकले. वरची काच जरा दाबली.

"साहेब, तुमचा परजीवी फुटला!"

हवेचे बुडबुडे होते ते!

*

मी मुळं नळाखाली धरून टूथब्रशने घासायचो. पांढरीशुभ्र! मॅडम खूश. मामू मात्र म्हणायचे, "अरे, नाचणी काय लग्नाला निघालीय?"

*

त्या शेवटच्या हंगामात एका सकाळी नळाला पाणीच नाही. मग मुळं बादलीत नुसती भिजत ठेवली, वाळू सुटायला आई तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवते तशी. माती आपोआप खाली बसली. केसांसारखी बारीक मुळं जागच्या जागी! मॅडमनी ती निळ्या रंगात बुडवली, काचेवर ठेवली आणि वाकल्या. मग ओरडल्या, "ये, बघ!"

निळ्या पेशी, आणि त्यांत करवंदांसारखे घोसच घोस!

"आज काय वेगळं केलंस?"

"ब्रश... नाही लावला," मी कसाबसा म्हणालो.

"आण तो इकडे."

दोन वर्षं तोच ब्रश. त्याच्या केसांत बारीक मुळं अडकून वाळलेली. मॅडमनी चिमट्याने एक ओढलं, काचेवर ठेवलं, बघितलं. मग खुर्ची मामूंकडे सरकवली.

मामूंनी बराच वेळ डोळा लावला.

"मॅडम, हे तर दोन वर्षं इथंच राहायला आहेत!"