तेल लावलेल्या डोक्याची तपासणी

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावी, खाप्याला, पहाटे चारला उठून अभ्यास केला म्हणूनच शिकलो, या श्रद्धेने शहरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरी मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीलाही चारला उठवत असे. ती वर्गात पेंगू लागली, पाढे विसरू लागली. डॉक्टरांनी झोपेतल्या मेंदूचा आलेख काढायला सांगितला. केस धुऊन कोरडे आणा, अशी सूचना होती. आईने मात्र निघताना नातीच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं.

"डोक्याची तपासणी होय ना गा? मंग कोरडं डोकं घेऊन काहून चालला?"

दवाखान्यात तेलामुळे डोक्याला तपासणीच्या तारा चिकटेनात. तिथल्या ताईंनी दोनदा शाम्पू लावून केस धुतले, त्यात मुलीची झोपच उडाली. शेवटी मी पाढे म्हणू लागलो. सातच्या पाढ्याला ती घोरायला लागली.

आलेख पाहून डॉक्टर म्हणाल्या, "मेंदू छान आहे. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. तिला झोपू द्या."

"पण मी तर चारला उठूनच शिकलो," मी म्हणालो.

शेजारी बसलेली आई हसली. "उठे ना गा! अन् शाळेत बाकावर झोपे. मास्तर मले बलावून सांगत."

मुलीचा गजर मी त्याच दिवशी सहावर नेला. पदवीसाठी आता त्या बाकाचेही आभार मानतो.