नळीताई आणि भावाचं रक्त

आमच्या गल्लीत एक कुजबुज होती. समोरासमोर मटणाची दोन दुकानं आहेत ना, त्यातल्या डावीकडच्या नळीताईने म्हणे सख्ख्या भावाचं सगळं रक्त काढून घेतलं. सांगणारे आवाज खाली आणून सांगायचे, "थेंबही ठेवला नाही हो!" आणि अर्धा किलो मटण मात्र तिच्याकडूनच घ्यायचे.

नळीताई म्हणजे खाटकाची थोरली. लहानपणी बापाने हाडं फोडली की नळ्या हिच्या वाट्याला, म्हणून हे नाव. धाकटा भाऊ लाडोबा, त्याला सगळे बाळराजे म्हणत. सत्तूर चालवायला बापाने शिकवलं थोरलीला. बाळराजे गल्ल्यावर बसून मिशीला पीळ द्यायचे. बापाचा एक लाकडी ठोकळा होता, मधोमध झिजून खोलगट झालेला. म्हातारा म्हणायचा, "या ठोकळ्यावर माझ्या रक्ताचंच माणूस उभं राहील." राहिली ती थोरलीच.

बाप गेला आणि बाळराजांना अचानक अक्कल फुटली. ऐन गर्दीत, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी जाहीर केलं, "हिला बाबांनी रस्त्यावरून उचलून आणली होती. ही आमच्या रक्ताची नाही. ठोकळ्याला हात लावायचा नाही!"

थाप होती, शुद्ध थाप. पण बापाच्या दुकानात, बापाच्या गिऱ्हाइकांसमोर मारलेली. नळीताईने आपला सत्तूर फडक्यात गुंडाळला आणि बरोबर समोर दुकान थाटलं. तेव्हापासून तिने त्याला दिलं काय? एक शब्दही नाही. त्याची गिऱ्हाइकं मात्र एकेक करून ओढली. समोरून कोणी रिकाम्या पिशवीने निघालं की ही मुद्दाम मोठ्याने विचारायची, "काय हो, तिथे आज पण हाडंच का?"

मग बाळराजे पांढरे पडू लागले. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून धापा टाकायचे. सुरीचा एवढासा चरा गेला तरी रक्त थांबेना, अंगावर कोणी न मारता काळेनिळे डाग. गल्लीने निदान केलं, बहिणीचे तळतळाट. डॉक्टरांनी वेगळं केलं. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या लाल मगजात. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बारक्या पेशी, सगळ्यांचा कारखाना तोच. तो कारखानाच बंद पडलाय. सख्ख्या भावंडाचा मगज जुळला तर आशा आहे.

भावजय नळीताईच्या दुकानात येऊन रडली. नळीताई रक्त तपासून घ्यायला गेली. आणि जुळलं की हो! इतकं जुळलं, की रस्त्यावर सापडलेल्या मुलीचं जुळायची सोयच नव्हती.

डॉक्टरांनी तिला एकटीला आत बोलावलं. "त्यांच्या हाडांत आता नुसती पिवळी चरबी उरलीय."

"म्हाताऱ्या जनावराच्या नळीसारखी?"

"तशीच. तुमच्या कमरेच्या हाडातून सुईने थोडा मगज काढू. तुमचा पुन्हा भरून येतो. देणार?"

काय बोलली ते दाराआड राहिलं. बाहेर आल्यावर भावजयीला मात्र तिने सांगितलं, "बापाच्या दुकानात येऊन उभा राहा म्हणावं त्याला. ऐन गर्दीच्या वेळी."

भावजयीने धरून आणलं. बाळराजे ठोकळ्याला टेकून उभे राहिले, ओठ कागदासारखे. समोर सगळं गिऱ्हाईक. "ताई, मी चुकलो गं..."

"माफी कोणी मागितली? त्या दिवशी बोललास ते म्हण. जसंच्या तसं."

"अगं पण..."

"म्हण!"

"ही... ही आमच्या रक्ताची नाही. ठोकळ्याला हात लावायचा नाही."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" असं म्हणून ती निघून गेली. कोणाला काही उमगलं नाही. बाईचं डोकं फिरलं, एवढंच ठरलं.

खाटकाचा पोर तो, त्याला वाटलं मगज घालायचा म्हणजे नळ्या फोडूनच घालणार. म्हणून बाळराजांनी दोन्ही नडग्या वस्तऱ्याने गुळगुळीत करून ठेवल्या! आधी औषधांनी त्याच्या हाडांतलं उरलंसुरलं मोडून काढलं. मग नर्सने नळीताईच्या मगजाची लाल पिशवी टांगून नळी छातीतल्या शिरेला जोडली. हा घाबरून म्हणतो, "अहो, हाडात कसं जाणार?"

"पेशींना वाट ठाऊक असते. तुम्ही पडून राहा. पाय का भादरलेत?"

हे नळीताईच्या कानावर गेलं, आणि सुयांनी ठणकणाऱ्या कमरेसकट ती हसली म्हणतात. उताणं झोपता येत नव्हतं.

काही आठवड्यांनी कारखाना सुरू झाला. वर्ष सरता सरता गालांवर रंग आला, मिशीला पुन्हा पीळ बसला. ज्या दिवशी डॉक्टरांनी त्याचं रक्त पुन्हा तपासून तो बरा असल्याचं सांगितलं, त्याच दिवशी ऐन गर्दीत नळीताई रस्ता ओलांडून आली. मागे दोन हमाल.

"रक्तगट कोणता निघाला रे?"

बाळराजे चाचरले. "आधी वेगळा होता..."

"आत्ता कोणता?"

"तुझा."

"म्हणजे अंगात माझं रक्त. आणि माझं रक्त तुमच्या घरचं नाही, हे तूच सांगितलंस. दोनदा. यांच्यासमोर." तिने हमालांकडे वळून सांगितलं, "उचला रे. याने आता ठोकळ्याला हात लावायचा नाही."

गिऱ्हाईक खो खो हसलं. बाळराजे लालबुंद झाले, तेही तिच्याच रक्ताने. ठोकळा रस्त्यापार गेला. अजून तिथेच आहे. भाऊ समोर प्लास्टिकच्या पाटावर खिमा करतो आणि रोज तिचा सत्तूर ऐकतो.

खरी गोष्ट एवढीच आहे. तिने त्याचं रक्त काढून घेतलं नाही, आपला मगज दिला. त्यातून त्याच्या हाडांत तिच्या गटाचं रक्त तयार होतं. डॉक्टरांना तिने पहिल्याच दिवशी, दाराआड, हो म्हटलं होतं. भावाला तिने माफ केलेलं नाही.