डाव्या तळहातावरचा देव

डाव्या तळहाताची करंगळीकडची कड मला कधीपासून कळेनाशी झाली, ते नेमकं सांगता येत नाही. आमच्याकडे गळ्यात बांधलेलं इष्टलिंग, म्हणजे महादेवाचं छोटं लिंग, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची रीत. एकदा जळता कापूर त्या कडेवर पडला. कातडी चरचरली, पण मला काहीच लागलं नाही. आमचे हे हात जोडून म्हणाले, "सिद्धेश्वराची कृपा हाय ही." मी भोळी, तेच धरून चालले. मनगटावरच्या फिकट चट्ट्याकडे नजर गेली की मात्र बांगड्या त्यावर ओढून घ्यायची.

पुढच्या सोमवारी सिद्धेश्वराच्या मंदिरात रांगेत उभी होते. मागच्या अनोळखी बाईनं माझ्या हातावरचा फोड पाहिला. तिची स्वतःची दोन बोटं वाकलेली होती. "अक्का, डोळं मिटा बरं. कुटं टोचतंय त्ये सांगा," ती म्हणाली. तिच्या हातात बेलाचं पान होतं. मी वाट बघत राहिले; मला वाटलं, हिनं अजून सुरूच केलेलं नाही. डोळे उघडले तर पानाचा देठ माझ्या तळहाताच्या त्याच कडेत रुतलेला. "मलाबी असंच झालं हुतं. मी लई उशीर केला, तुमी करू नका," एवढंच बोलून ती दर्शनाला पुढे गेली. बाहेर आल्यावर मी तिला खूप शोधलं. नंतर कितीतरी सोमवार गेले, ती काही दिसली नाही.

दवाखान्यात कुष्ठरोगच निघाला. गोळ्या लगेच सुरू झाल्या. त्याच सुमारास लेकीला मुलगी झाली, आणि आमच्या घरात बाळाच्या गळ्यात पहिलं लिंग आजीनं बांधायचं असतं. मी तर नातीला शिवायलाही तयार नव्हते. डॉक्टरांनी समजावलं, की कातडीला कातडी लागून हा आजार जात नाही. औषध न घेतलेल्या माणसाच्या निकट फार काळ राहिलं तर तो बहुतेक श्वासावाटे जातो, आणि गोळ्या सुरू झाल्या की तो धोका लवकरच टळतो. डोक्याला पटलं, हाताला पटेना. पाळणासुद्धा मी लांबून दोरीनंच हलवायची.

लिंगधारणेच्या दिवशी मी दाराशीच बसून राहिले. लेकीनं अय्यांना, म्हणजे आमच्या गुरूंना, सगळं सांगितलं होतं. बाळाचं लिंग घेऊन ते माझ्यापाशी आले.

"डावा हात पुडं करा की अव्वा."

मी मागे सरकले.

"ह्याच हातावर रोज देव घेता न्हवं? त्यो कदी मागं सरला का?"

मी हात पुढे केला. त्यांनी लिंग त्या बधिर कडेवरच ठेवलं. मला स्पर्श कळला नाही, पण डोळ्यांना दिसत होतं, देव तिथंच होता. इतके दिवस रोज तो असाच येऊन बसत होता, मला न कळता.

लेकीनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी लिंग बांधलं. नातीनं माझी डावी करंगळी मुठीत धरली, तेही मला कळलं नाही. मी नुसती बघत राहिले आणि रडू आवरेना.

औषध आता पुरं झालंय. कडेला थोडं कळतं, थोडं नाही. देवा, कापराचा चटका कळला नाही ही कृपा नव्हती, बेलाचा देठ घेऊन तू मागे उभा राहिलास ती कृपा, हे मला उशिरा उमगलं. आता पूजेला बसले की तुझा स्पर्श कळला का नाही ते बघत नाही. हात पुढे करते, बाकीचं तुझ्यावर सोडते. नात माझ्या डाव्या हाताशीच बसलेली असते.