सुंदराबाईंचे कान

सुंदराबाई कुकरच्या शिट्ट्या नातीच्या तोंडावरून मोजायच्या. ध्रुवी सव्वादोन वर्षांची. शिट्टी झाली की पोर हातातलं खेळणं टाकून धावत यायची आणि आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायची. एकदा खुपसलं की एक शिट्टी, तीनदा खुपसलं की गॅस बंद. वरण कधी कच्चं राहिलं नाही, कधी करपलं नाही. सून सुषमा त्यांना खानदेशच्या रिवाजाप्रमाणे आत्या म्हणायची आणि शेजारणींना कौतुकाने सांगायची की आमच्या आत्यांचा अंदाज एकदम पक्का आहे.

अंदाज कसला डोंबलाचा! सुंदराबाईंना ऐकू येत नव्हतं. सुरतेत उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बावीस वर्षं धाग्याच्या बॉबिन भरण्यात गेली, आणि कान कधी गेले ते त्यांनाही नेमकं सांगता आलं नसतं. पण खात्यात काम केलेल्या बायकांना एक विद्या आपसूक येते. शंभर लूम एकदम खडखडत असताना पलीकडच्या टोकाची बाई काय म्हणते ते ओठांवरून वाचायचं, आणि जे ओठांत मावत नाही ते हाताने सांगायचं. मूठ गोल फिरवली की मशीन चालू कर. पंजा आडवा धरला की बंद कर. त्या विद्येवर सुंदराबाईंनी घरात इतकी वर्षं निभावून नेलं होतं. त्या ओरडून बोलायच्या, पण उधन्यात वाढलेल्या त्यांच्या मुलालाही, धर्मेंद्रलाही, तेच वळण होतं. ओरडून बोलणाऱ्या घरात बहिरं माणूस ओळखू येत नाही.

खात्यात असताना लपवलं, कारण बहिरी म्हणून कामावरून काढलं असतं. नंतर लपवायची सवयच लागली. आणि सवयीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी नवरा सोडून कोणालाही सांगितलेली नव्हती.

आता सगळे कोसाडच्या वसाहतीत राहत होते, तिसऱ्या मजल्यावर. धर्मेंद्र पहाटेच्या बसने हजिऱ्याला कामाला जायचा. सुषमाला अमरोलीच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहिण्याचं काम लागलं आणि दिवसभर ध्रुवी आजीजवळ राहू लागली. पोर गोड होती, पण आवाजाला भयंकर भ्यायची. मिक्सर लागला, खालची पाण्याची मोटर सुरू झाली, कोणी जिन्यात पत्र्याची पेटी आपटली, की ती पांढरीफटक पडायची आणि आजीकडे पळत सुटायची. दारावरची बेल वाजली तरी पळायची. ती बिलगली की सुंदराबाई दार उघडायच्या. नातीच्या भीतीवर आजीचा सगळा संसार बिनबोभाट चालला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुषमाला उपाय सांगितला. आवाज झाला की मुलीला उचलून आत नेऊ नका. आधी बंद मिक्सर दाखवा, हात लावू द्या, बटण तिलाच फिरवू द्या. लांबून, थोडा वेळ, मग हळूहळू जवळून. महिन्याभरात फरक पडेल. सुषमाने घरी येऊन सासूला सगळं समजावून सांगितलं आणि सुंदराबाईंनी मान डोलावली.

केलं मात्र काहीच नाही. दुपारी मिक्सर कपाटातून निघायचा नाही, आणि पोर घाबरून आली की सुंदराबाई तिला घट्ट कवटाळून स्वतःही घाबऱ्याघुबऱ्या व्हायच्या. तेवढ्याने पोरीची भीती दुप्पट व्हायची, हे त्यांना दिसत होतं. बाई वाईट नव्हती, नातीवर जीव टाकायची. पण पोरीची भीती गेली तर ती आपल्याकडे पळत येणार नाही, आणि मग आपल्याला काय कळणार, हा विचार त्यांना मिक्सरला हात लावू देत नव्हता. दीड महिना त्यांनी सुनेला रोज सांगितलं की आज थोडी कमी भ्यायली.

मग तो गुरुवार आला. सुंदराबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. शेजारच्या घरात भिंतीला ड्रिल लागलं. आजी डोळ्यांसमोर नव्हती, म्हणून ध्रुवी समोर दिसलेल्या न्हाणीघरात शिरली आणि तिने दार लोटलं. त्या दाराची बाहेरची कडी ढिली होती. धर्मेंद्र दुरुस्त करतो करतो म्हणत होता. धक्क्याने कडी खाली पडून दार बाहेरून बंद झालं. सुंदराबाई बादली घेऊन आत आल्या, गादीवर गोधडीचा ढीग दिसला, आणि पोर झोपली असेल असं त्यांना वाटलं. न्हाणीघराकडे पाठ करून त्या तांदूळ निवडायला बसल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. अर्धं ताट निवडून झालं होतं. समोरच्या घरातल्या कलाबाई उघड्या दारातून धावत आत आल्या, सुंदराबाईंना ओलांडून गेल्या आणि त्यांनी न्हाणीघराची कडी काढली. ध्रुवी ओल्या फरशीवर बसली होती. तोंड लालबुंद, नाक वाहत होतं, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. दारावर मारून मारून तळहात सुजले होते.

"पोर कव्हयनी रडी राहिनी," कलाबाई म्हणाल्या. "तुले ऐकू येत नही का?"

सुंदराबाईंनी ते ओठांवर वाचलं. मग कलाबाईच सावरून म्हणाल्या की नळ चालू असेल, पाण्याच्या आवाजात कळलं नसेल. निसटायला इतकी सोयीची वाट कोणी आयती करून देत नाही. सुंदराबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचे ओले पाय पदराने पुसले.

त्यांच्या डोळ्यांसमोर खातं उभं राहिलं होतं. तेहतीस वर्षांपूर्वीचं. धर्मेंद्रच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती, रंजना. सहा महिन्यांची होती. खात्याच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्यांच्या तीन झोळ्या बांधलेल्या असायच्या, कामावरच्या तीन बायकांची तीन पोरं त्यांत झोपायची. लूम चालू असले की ती पोरं गाढ झोपायची. कानांत त्या खडखडाटाचीच अंगाई बसलेली. वीज गेली, लूम थांबले, की शांततेने दचकून तिन्ही एकदम जागी व्हायची आणि भोकाड पसरायची. बायका हसायच्या. वीज गेल्याचं सुपरवायझरच्या आधी आमच्या पोरांना कळतं म्हणायच्या.

रंजनाला सकाळपासून थोडी कणकण होती. सुंदराबाईंनी दोनदा मान वळवून झोळीकडे पाहिलं. झोळी आधी हलत होती, मग हलायची थांबली. झोपली असेल असं त्यांना वाटलं. तीनच्या सुमाराला वीज गेली. लूम थांबले. दोन पोरं रडायला लागली. तिसरी झोळी गप्प होती.

आकडी आली असेल, असं डॉक्टर म्हणाले. तापात येते, कोणाचा दोष नाही. नवऱ्याने, चिंधाने, सगळ्यांना तेच सांगितलं, आणि चार वर्षांपूर्वी तो गेला तोवर घरात पुन्हा त्या नावाचा उच्चार केला नाही. पण झोळीतून काढताना पोरीच्या दोन्ही गालांवर वाळलेल्या आसवांचे पांढरे ओघळ सुंदराबाईंनी स्वतःच्या बोटांनी पुसले होते. ती पुष्कळ वेळ रडली होती. पंधरा पावलांवर बसून आई बॉबिन भरत होती.

त्यानंतर कधीतरी त्यांच्या कानांत एक बारीक आवाज सुरू झाला. उंच, लांबलेला, न थांबणारा. बाहेरचं जग हळूहळू मुकं होत गेलं आणि तो आवाज तेवढा राहिला. लूमवरच्या पुष्कळ लोकांच्या कानांत असं वाजतं हे त्यांनी खात्यातच पाहिलं होतं. इतरांच्या कानांत वाजतं ते मशीन असेल, आपल्या कानांत आहे ती रंजना, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती तेहतीस वर्षं रडत होती, आणि आता मात्र आईला सगळं ऐकू येत होतं.

संध्याकाळी सुषमा आली. लेकीचे तळहात पाहून तिने विचारलं काय झालं. कलाबाईंची नळाची सबब तोंडावर आली होती. सुंदराबाईंनी ती गिळली.

"माले ऐकू येत नही, सुषमा," त्या म्हणाल्या. "बराच वरीस व्हई ग्यात. ती आत रडी राहिंती, आनि मी पाठ करीसन बठेल व्हतू. रंजनाना येळले बी आसंच व्हयनं."

रंजना कोण, ते मग सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांचा आवाज किती चढत होता याचा त्यांना पत्ता नव्हता. मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी ते ऐकलं. सुषमा ऐकता ऐकता ओट्याकडे वळली, तिला रडू येत होतं. मग काही लक्षात येऊन ती परत सासूकडे तोंड करून उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"मंग मी काम सोडी देऊ का, आत्या?"

सून खरंच विचारते आहे, टोमणा नाही, हे सुंदराबाईंना कळलं. त्यामुळेच उत्तर देणं जड गेलं. सोड म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. त्या म्हणाल्या की सोडू नको, पण आधी पोरीची भीती मी काढते, मला येतं ते.

धर्मेंद्र आला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याला आपल्याला बहीण होती एवढंच ऐकून माहीत होतं. जेवायच्या आधी त्याने न्हाणीघराची कडी काढून टाकली. कलाबाईंनी दिवसभर आपलं दार उघडं ठेवायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईंनी मिक्सर जमिनीवर मांडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला उपाय त्यांनी आपल्या पद्धतीने केला. ध्रुवीला समोर बसवून तिला खात्यातल्या खुणा शिकवल्या. तू मूठ फिरव, मी चालू करते. तू पंजा आडवा धर, मी बंद करते. पहिले तीन दिवस पोरीने मूठ फिरवलीच नाही, आणि सुंदराबाईंनी बटणाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी तिने मूठ जराशी फिरवली आणि लगेच दोन्ही पंजे आडवे धरले. सुंदराबाईंनी तात्काळ बंद केलं. पोर थक्क झाली. एवढं भुंकणारं मशीन आपल्या हाताच्या इशाऱ्यावर गप्प बसतं, हे तिला नवीन होतं. मग तिने दहा वेळा चालू करायला लावलं आणि दहा वेळा बंद. भिजवलेल्या डाळीचं पार पीठ झालं. मिक्सर झाल्यावर कुकर, मग गॅलरीत उभं राहून पाण्याची मोटर. मोटर काही आजीच्या हातात नव्हती, पण मोटर थांबायच्या बेताला पंजा धरायचा चतुरपणा पोरगी स्वतःच शिकली. ती एकेक आवाज जिंकत गेली, आणि प्रत्येक आवाजागणिक सुंदराबाईंची एकेक बातमी बंद होत गेली. महिना भरायच्या आत बेल वाजली तरी ती खेळणं सोडून उठेनाशी झाली. कुकरपाशी आता सुंदराबाई झाकणावर नजर रोखून उभ्या राहायच्या. दर दोन मिनिटांनी मान वळवून पोर कुठे आहे ते पाहायच्या. मान दुखायला लागली तरी पाहायच्या.

लग्नसराईत एका दुपारी त्यांनी अशीच मान वळवली, तर ध्रुवी गॅलरीत पाठमोरी उभी होती. जाळीला दोन्ही हातांनी धरून, अगदी स्थिर. गॅलरीच्या दाराच्या काचा हादरत होत्या. खालून वरात चालली असावी, मोठ्या भोंग्यांची गाडी असावी, फटाकेही असावेत, कारण काचेमागून धूर वर येत होता. महिन्यापूर्वी ही पोर किंचाळत येऊन त्यांना बिलगली असती. आता ती हलत नव्हती. बरी झालेली पोर अशीच असते, हे सुंदराबाईंना कळत होतं. पण न हलणारी झोळी त्यांनी आयुष्यात एकदा पाहिली होती. कानांतला तो बारीक आवाज वाढत वाढत डोक्यात भरला.

त्या गॅलरीत गेल्या आणि पोरीशेजारी खाली बसल्या. ध्रुवीने वळून पाहिलं. तिचे ओठ हलत होते, बहुधा मघापासून हलत होते. आजीला काही कळलेलं नाही हे त्या एवढ्याशा जिवाला कसं समजलं देव जाणे. तिने जाळी सोडली, आजीची हनुवटी दोन्ही हातांत धरली, तोंड स्वतःकडे ओढून घेतलं आणि हळूहळू, एकेक अक्षर मोठं करून म्हणाली, "आजी. घोडा."

सुंदराबाईंचे डोळे वाहायला लागले. रंजना रडतच होती, ती काही थांबली नाही. ध्रुवी पुढे आणखी काहीतरी सांगत होती, घोड्याबद्दल, घोड्यावरच्या माणसाबद्दल. डोळे मिटून घ्यावेत असं सुंदराबाईंना फार वाटलं. पण मिटले असते तर तिचं बोलणं हातचं गेलं असतं, म्हणून त्या तशाच वाहत्या डोळ्यांनी तिच्या ओठांकडे बघत राहिल्या.