आधीच्या मॉडेलवरची इमारत

मी मंगळवारी लॅपटॉपची ऑर्डर दिली आणि शुक्रवारी कंपनीने तोच लॅपटॉप सुधारला. किंमत तीच, नाव तेच, फोटोसुद्धा तोच. फक्त खालच्या बारीक अक्षरात मेमरी दुप्पट झालेली आणि चित्रांसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड आलेलं. हे आधी लेकीला दिसलं. ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, तू हाच मागवलायस ना? वाट लागली."

हा लॅपटॉप माझ्यासाठी काय होता ते सांगायला हवं. लग्नाच्या आधीपासून मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करायचे. बाई असले तरी ऑफिसात मला ड्राफ्ट्समनच म्हणत. मग सासूबाईंना पक्षाघात झाला आणि नोकरी सुटली. त्या गेल्या तेव्हा लेक कॉलेजात पोचली होती आणि माझ्या हातात दिवसभराचा रिकामा वेळ होता. त्याच सुमारास जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण भेटली. अंधेरीला एमआयडीसीत तिचं स्वतःचं ऑफिस आहे. म्हणाली, "परत ये ना! मुलुंडहून रोज यायची गरज नाही, घरून कर. पण आता सगळं थ्रीडीत असतं हं. आणि मशीन तुझं लागेल."

स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये लेकीच्या वयाच्या पोरांसोबत बसून मी थ्रीडी शिकले. सुरुवातीला ती मला काकी म्हणत, नंतर शंका विचारायला लागली. क्लास संपला आणि मैत्रिणीचा फोन आला: घाटकोपरला एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम आलंय, पुढच्या आठवड्यात मॉडेल सुरू करायचं, तू तयार आहेस का? मी म्हटलं, आहे. त्याच संध्याकाळी लॅपटॉप मागवला.

आता लेकीच्या हातातून मोबाइल घेऊन मी कंपनीला फोन लावला.

"माझं मशीन निघालंय का?"

"नाही मॅडम, गोदामातच आहे."

"मग ते राहू दे तिथेच. नवीन पाठवा. किंमत सारखीच आहे."

"तसं होत नाही मॅडम. ही ऑर्डर रद्द करावी लागेल, मग नवीन बुक करा. नव्या मॉडेलला महिनाभर लागेल."

मी वरच्या माणसाला फोन द्यायला लावला. तो फारच गोड बोलला. तंत्रज्ञान रोज बदलतं, हे त्याने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं.

"ते मला कळतं हो," मी म्हटलं. "मी ऑर्डर दिली तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं की नव्हतं, तेवढंच सांगा."

मग त्याचा आवाज साधा झाला. "आम्हाला पण आधी सांगत नाहीत, मॅडम. वेबसाइटवर आलं की कळतं."

मला ते खरं वाटलं. पण खरं वाटून माझं काही भागत नव्हतं. मी तक्रार नोंदवायला लावली, त्यांच्या वेबसाइटवरही लिहिली. चार दिवसांनी उत्तर आलं, त्यात मला झालेल्या त्रासाबद्दल खेद होता आणि बाकी काही नव्हतं.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "रद्द करून टाक गं. इतकी वर्षं गेली, महिनाभराने काय बिघडतंय?"

तो मायेनेच म्हणाला, पण मी घास ताटात ठेवला. हा महिना मी थांबले असते, तर ते काम दुसऱ्या कुणाला गेलं असतं. आणि महिन्याने आणखी चांगलं मॉडेल येणार नाही, हे कोण सांगणार होतं? मी म्हटलं, "अरे, इतकी वर्षं गेली म्हणूनच. जे येतंय ते येऊ दे."

लॅपटॉप आला. लेकीने वरची फिल्म काढली आणि "छान आहे गं" म्हणाली, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर म्हणतात तसं.

मी कामाला लागले. पहिले काही मजले झरझर झाले. इमारत जसजशी वर जायला लागली तसा लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला. आणि एका दुपारी सातव्या मजल्याची खिडकी बसवताना लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा झाला तो झालाच. परत सुरू केला तर सकाळपासूनचं सगळं काम गेलेलं. लेक दारात उभी होती. "दुप्पट मेमरी असती तर..." एवढंच म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. रडले नाही असं म्हणणार नाही.

बाहेर आले ती चहा न घेता परत बसले, पण या वेळी आधी माऊसला हात लावला नाही. विचार केला, यात जड काय आहे? आणि बघितलं तर लाज वाटावी इतकं फुकटचं ओझं होतं. क्लासमध्ये शिकवलं म्हणून मी दारांच्या मुठी काढल्या होत्या, नळ काढले होते, ग्रिलची नक्षी काढली होती. प्रत्येक मजला नव्याने उभा केला होता. आमच्या जुन्या ऑफिसात असं कुणी केलं असतं तर साहेबांनी कॉम्प्युटरवरून उठवलं असतं. तिथली मशीन इतकी मरतुकडी होती, की एक खिडकी एकदाच काढायची आणि सगळीकडे तीच बसवायची, हा नियमच होता.

मी अख्खं मॉडेल पहिल्यापासून केलं. एक मजला नीट केला आणि तोच वर वर लावला. जिथे बदल होता तिथेच बदल. बांधणाऱ्याला जे लागत नाही ते काढलंच नाही. जिना आणि लिफ्ट वेगळ्या फाइलींत ठेवली. कंटाळवाणं काम होतं, मान दुखायची. पण पंखा गप्प राहिला आणि इमारत गच्चीपर्यंत गेली.

फाइल पाठवल्यावर मैत्रिणीचा लगेच फोन. "एवढीशी फाइल? काही राहिलंय का गं?"

"उघड आणि बघ."

तिने बघितलं, दोन चुका काढल्या. त्या खरंच होत्या, मी दुरुस्त केल्या. खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. तळघरातल्या पार्किंगचं मॉडेल तिच्या ऑफिसातल्या एका मुलाने नव्या, महागड्या मशीनवर केलं होतं. साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये जो जुना कॉम्प्युटर होता, त्यावर ते उघडेचना. माझं उघडलं. साइट इंजिनिअरने मजला फिरवून फिरवून बघितला आणि तिला फोन केला, की तळघरही याच बाईंकडून करून घ्या.

राग गेला म्हणाल, तर गेलेला नाही. त्या कंपनीची जाहिरात दिसली की मी अजून पान उलटते.

तळघराचं काम घेतल्यावर मी मैत्रिणीसोबत घाटकोपरच्या साइटवर गेले. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात लेकीचे बूट. गाड्या खाली उतरायचा उतार खोदून झाला होता, पण नकाशातला आणि तिथला उतार मला काही जुळेना. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, नकाशातला आकडा धरून करा ना. खाली चिखल आहे."

"असू दे," मी म्हटलं. "टेपचं एक टोक तुम्ही धरा."

आणि मी खाली उतरले.