नवापूरला निघालो, पामला थांबलो

हे लिहायला महिना लावला, कबूल करतो. रोज वही उघडायचो आणि कुठेतरी भटकायला निघून जायचो.

ज्यांच्यासोबत गेलो त्या बाई मुंबईच्या कॉलेजात प्राध्यापक. सरकारी योजना लोकांपर्यंत खरंच पोचते का, हे तपासणं त्यांचं काम. या वेळी मनोरकडच्या एका डोंगरी पाड्यातली बालवाडी होती. स्वतःच्या नावावरची ही त्यांची पहिलीच पाहणी. त्यांना फॉर्म भरायला माणूस हवा होता, मला फिरायला निमित्त.

पालघरहून एसटी मिळते, शेवटचा चढ पायी. दिवाळीनंतर वाट कोरडी असते म्हणून आम्ही तेव्हाच गेलो, आणि तिथेच चुकलो. निम्म्या दारांना कुलपं. मी लिहीत गेलो, ‘घर बंद’. बालवाडीत पोरं चार. बाईंनी अहवाल लिहिला: मुलं येत नाहीत, बालवाडी बंद करावी. पालघरच्या कचेरीत साहेबांना तोंडी सांगून झालं होतं, दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते.

मुक्काम पालघरला होता; तिथे कार्बन पेपर मिळेना म्हणून दुपारी त्यांनी मला तो आणायला बोईसरला धाडलं. समुद्र जवळच आहे म्हटल्यावर मी नवापूरची वाट धरली, ओले बोंबील खायला. पामजवळ एका वीटभट्टीवर पाणी प्यायला थांबलो. तिथे एक पोरगी बाकीच्यांना रांगेत बसवून नखं तपासत होती. सगळ्यांचे हात चिखलाने भरलेले.

“कुठे शिकलीस गं हे?”

तिची आई विटा थापत होती, तीच बोलली. “बालवाडीत. भात झोडला का आमी इकडं येतो. पावसाला परत.”

पाडा विचारला, तोच. तिचं नावही माझ्या यादीत होतं.

“तुमचं घर बंद होतं,” मी म्हटलं.

“घर बंद हाय. पोरां नाय बंद.”

बोंबील राहिले, कार्बन पेपरही. मी उलटा पालघरला. बाईंनी ऐकलं, चपला घातल्या आणि मिळेल त्या टेम्पोने भट्टीवर आल्या. विटांच्या चळतीवर बसून एकेका आईशी बोलल्या, आणि रात्री अहवाल नव्याने लिहिला: बालवाडी बंद करू नये.

सकाळी कचेरीतले साहेब हसले. “मॅडम, काल तर वेगळंच सांगत होतात. हे संशोधन की हवामान?”

“काल मी कुलपं मोजली होती,” बाई म्हणाल्या. “चूक माझी. तसं पहिल्याच पानावर लिहिलंय.”

“बघू,” म्हणून साहेबांनी कागद ठेवून घेतले.

वसईला घरी येऊन महिना झाला. पाड्याची वाट आता धड आठवत नाही. पण एवढी शिकलेली बाई भरल्या कचेरीत ‘चूक माझी’ म्हणाली, आणि तिच्या फॉर्मांवर अक्षर माझं आहे, याचा तोरा काही उतरत नाही.

बहीण आत्ताच सांगत आली, ओटीवर बाई आल्यात. बालवाडीच्या ताईंना हंगामभर भट्टीवर पाठवायचं ठरलंय. कुठल्या पाड्याची माणसं कुठल्या भट्टीवर असतात, ते शोधायला त्यांना एक भटक्या हवाय. बाबांची परवानगी मागतायत.