साडूचं मयतीचं घड्याळ

तेरच्या उत्तरेश्वरला साडूचा हेवा वाटायचा, आणि त्यातही साडूच्या घड्याळांचा. साडू कृष्णराज धाराशिवच्या कोर्टात नोकरीला. कोर्टात जाताना काळ्या पट्ट्याचं घड्याळ, लग्नकार्याला सोनेरी साखळीचं, आणि मयतीला किंवा दहाव्याला जायचं असलं की वडिलांचं जुनं, चावीचं. पाहुण्यारावळ्यांत याचं भारी कौतुक. उत्तरेश्वरची दूध डेअरी. त्याच्या मनगटावर बारा महिने एकच स्टीलचं घड्याळ, काचेवर दुधाचे शिंतोडे वाळलेले. माणसानं कसं आमच्या दाजींसारखं राहावं, असं बायको सहज बोलून जायची आणि त्याला जेवण गोड लागायचं नाही.

मुलीचा, हर्षालीचा, साखरपुडा ठरला तेव्हा त्यानं घरात न सांगता एक सोनेरी घड्याळ आणलं. त्या दिवशी तरी आपला हात साडूपुढं फिका पडू नये.

कृष्णराज आदल्या दिवशीच मुक्कामाला आला. सकाळी त्यानं तिन्ही घड्याळं पलंगावर मांडली आणि कुठलं घालू म्हणून हर्षालीला विचारलं. तिनं निरखून निरखून सोनेरी निवडलं. उत्तरेश्वर दारातून बघत होता. बापाच्या हातातलं नवं घड्याळ पोरीला अजून दिसलंसुद्धा नव्हतं.

ती उठून गेल्यावर तो आत आला. हर्षालीच्या सासरची जळकोटची माणसं साधी आहेत, नवऱ्या मुलाचे आजोबा सिद्रामप्पा तर लखलखाट दिसला की नाक मुरडतात, असं त्यानं ठोकून दिलं.

"तुमी आपलं ते चावीचंच घाला," तो म्हणाला.

कृष्णराज जरा थबकला. मग पाहुणे तुमचे, तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणून त्यानं मयतीचं घड्याळ मनगटावर चढवलं.

मांडवात सिद्रामप्पांनी उत्तरेश्वरला नुसता नमस्कार केला. कृष्णराजच्या शेजारी बसले मात्र, आणि थोड्या वेळानं त्याचा हातच मांडीवर ओढून घेतला. तरुणपणी अगदी असलंच घड्याळ त्यांच्याकडं होतं, ते जत्रेत हरवलं होतं. त्यांनी स्वतः चावी दिली, कानाला लावून टिकटिक ऐकली आणि डोळे पुसले. जेवायलाही कृष्णराजलाच जवळ बसवलं. उत्तरेश्वर पंगतीत बुंदी वाढत राहिला. वाढता वाढता त्यानं सदऱ्याची बाही घड्याळावर ओढून घेतली.

पाहुणे गेल्यावर हर्षाली त्याच्याजवळ आली.

"आबा, काकांना ते घड्याळ तुमीच घालायला लावलं म्हणं. म्हातारबा लई खूश झाले. तुमाला कसं सुचलं?"

"सुचलं आपलं," उत्तरेश्वर म्हणाला. त्याला तिच्याकडं बघवेना.

कृष्णराज निघाला तेव्हा तो स्टँडपर्यंत सोडायला गेला. लग्नाच्या दिवशी कुठलं घालू तेही तुम्हीच सांगा, असं एसटीत चढताना कृष्णराजनं हसत सांगितलं. त्याच्या मनात काडीचा संशय नव्हता. गाडी वळणाआड गेली तरी उत्तरेश्वर तिथंच उभा होता, आणि आता त्याला साडूच्या त्या निर्मळ मनाचाही हेवा वाटत होता.